टाकून देणं म्हणजे त्याग नव्हे



आपल्या घरांत एक वाक्य फार सहज बोललं जातं. "जुनं झालं ना, मग टाक आणि नवीन घे. जीव कशाला अडकवायचा वस्तूत?" आणि वर आपल्यालाच वाटतं की केवढी ही अनासक्ती! मला हे वाक्य मुळीच पटत नाही. जुनी वस्तू माळ्यावर टाकून नवी आणली की घरातल्या वस्तू एकाने वाढतात. परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्या बाईने तरी हा साधा हिशेब करावा.

यावेळी विषय निघाला तो माझ्या नातवाच्या इलेक्ट्रिक गिटारवरून. त्याच्या बाबांनी पुण्यात शिकत असताना घेतलेली, मग कितीतरी वर्षं कपाटावर पडलेली. गेल्या वर्षी या पोराने ती खाली काढली आणि खरंच मन लावून शिकायला लागला. पण सूर टिकेना. लावलेली गिटार दोन मिनिटांत उतरायची. तिला एक लोखंडी दांडी असते, ती दाबली की सूर खाली लवतो आणि सोडली की परत जागेवर यायला हवा. तो यायचाच नाही. मुलगा कामासाठी एका मोठ्या शहरात गेला होता, तिथल्या एका दुकानात त्याने ती दाखवली. दुकानदाराने पाच मिनिटांत निकाल दिला: ब्रिज गेला, खुंट्या गेल्या, एवढ्या खर्चात नवीच घ्या, अठरा हजारांपासून आहेत. मागची झाकणी उघडून बघण्याचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

मी हे स्वाध्यायानंतर बोलले, तर आपल्यातल्याच दोघीतिघी म्हणाल्या, "काकू, द्या भंगारात. तसंही ते वाद्य आपलं नाही." एक म्हणाली, "मुलाचं मन मोडू नका, नवीन घ्या, हल्ली हप्त्यावर मिळतं." एकीला गिटार नको होती, दुसरीला नवी हवी होती, पण जुनी टाकण्यावर दोघींचं एकमत. आहे ती उघडून बघा, असं एकही जण म्हणाली नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई. दुरुस्ती हा महसुली खर्च आणि नवी वस्तू हा भांडवली खर्च, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. दुकानदाराचा फायदा कशात आहे हे कळायला मात्र कॉलेजात जावं लागत नाही.

आता त्या दांडीचं काम कसं चालतं ते सांगते, कारण ते समजल्यावर माझी भीतीच गेली. गिटारच्या सहा तारा ब्रिज नावाच्या धातूच्या पट्टीला अडकवलेल्या असतात आणि सगळ्या मिळून तिला पुढे ओढतात. ही ओढ थोडीथोडकी नसते, चाळीसेक किलोची असते. पाठीमागे झाकणीखाली एका खोबणीत तीन ते पाच स्प्रिंगा असतात, त्या तीच पट्टी उलट बाजूला ओढतात. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की पट्टी मधोमध तरंगते. थोडक्यात, हा ताळेबंद आहे! एका बाजूची एक रक्कम बदलली की दुसरी बाजूही हलणारच. म्हणून एक तार तुटली की उरलेल्या पाचांचे सूर एकदम चढतात. जाड तारांचा संच घातला की पट्टी पुढे झुकते, मग मागे स्प्रिंगांची पकड धरून ठेवणारे दोन लांब स्क्रू आवळावे लागतात. आणि म्हणूनच अशी गिटार एका फेरीत लागत नाही. सहाव्या तारेपर्यंत जावं तोवर पहिली उतरलेली असते. दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. यातलं काही बिघडलेलं नसतं, ही त्या यंत्राची रीतच आहे.

आमच्याकडे काय निघालं? नातू म्हणाला, "आजी, तू कशाला, मी करतो." मी म्हटलं, तू कर, मी चष्मा लावून बघते. दोन स्प्रिंगा एकाच बाजूला लावलेल्या, त्यामुळे पट्टी तिरपी बसलेली. तारा जुन्या, गंजलेल्या. खुंटीवर एकेका तारेचे सात-आठ वेढे एकमेकांवर चढलेले. वास्तविक दोन-तीन नीट वेढे पुरतात. जास्त वेढे असले की दांडी दाबताना ते सैल होतात आणि परत तसेच आवळले जात नाहीत. "गेलेल्या" खुंट्यांचे फक्त स्क्रू ढिले होते. खुंटीच्या आत मळसूत्राचं चाक असतं, त्यात थोडी पोकळी राहतेच. म्हणून सूर वरून खाली आणून थांबायचं नाही. आधी खाली उतरवायचं आणि मग चढवत सुरावर यायचं. हे मला नवीन नव्हतं, कारण तंबोरा लावणारेसुद्धा खुंटीवर अंदाज घेऊन शेवटी घोडीखालच्या मण्यांनी सूर बारीक करतात.

खरा दोष होता तो मानेच्या टोकाला असलेल्या खाचांच्या छोट्या पट्टीत. तिला नट म्हणतात. प्रत्येक तार तिच्यातल्या एका खाचेतून खुंटीकडे जाते. खाच अरुंद किंवा खरबरीत झाली की तार तिथे अडकते, दांडी सोडल्यावर परत सरकत नाही, आणि लावताना "टिंग" असा बारीक आवाज करते. शिसपेन्सिलीची पूड खाचेत भरली तर ग्राफाइटमुळे तार सरकायला लागते. आम्ही तेच केलं आणि अर्धा आजार त्याच दिवशी गेला. पेन्सिल घरातलीच, खर्च शून्य.

"हे वाद्य आपलं नाही" म्हणणाऱ्यांना एक सांगायचं आहे. या पद्धतीची गिटार १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी बाजारात आणली, तिचं नाव स्ट्रॅटोकास्टर. हा माणूस कॉलेजात अकाउंटिंग शिकलेला, हिशेबनिसाच्या नोकऱ्या केलेला. मंदीत नोकरी गेली तेव्हा १९३८ मध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! पण दुरुस्तीवर पोट भरलेल्या माणसाने वाद्य केलं ते स्क्रूने जोडलेलं. मानसुद्धा चार स्क्रू काढले की वेगळी होते. म्हणजे जे वाद्य उघडून नीट करता यावं असंच बांधलंय, तेच आपण "गेलं" म्हणून टाकतो. (गंमत म्हणजे सूर हलवणाऱ्या या दांडीला त्यांनी ट्रेमोलो हे नाव दिलं. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं, आणि सूर हलतो तो व्हायब्रॅटो. नाव चुकलं ते आजतागायत चुकलेलंच आहे.)

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचं काम घटलं तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांनी सतारी-तंबोऱ्यांचं काम हाती घेतलं. त्यासाठी भोपळे येतात ते आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्या ग्रुपवर अभिनंदनाचे किती निरोप फिरले! तिथे जुना तंबोरा जवारी काढायला नेतात, त्याला भंगार म्हणत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले, ती. नटची एक कड तुटलेली होती, म्हणून तो बदलायचा ठरला. खाचा कानशीने नेमक्या खोलीच्या कोराव्या लागतात, ते हातखंडा माणसाचंच काम. पुण्यातल्या एका कारागिराशी फोनवर बोललो. भला माणूस. म्हणाला, "आजी, प्लास्टिक काढून बोनचा टाकतो, आवाज खुलतो." बोन म्हणजे हाड, बहुतेक वेळा गुरांचं. चांगल्या गिटारींना ते सर्रास वापरतात, त्याच्या दृष्टीने तो मला उत्तम माल देत होता. मी विचारलं, दुसरं काय आहे? तर कृत्रिम पदार्थाचे मिळतात, ग्राफाइट मिसळलेले मिळतात, पितळेचेही मिळतात. ग्राफाइटवाल्यात तार उलट जास्त छान सरकते, आणि दांडीच्या गिटारला तेच तर हवं. तोच बसवला.

आपण औषधाच्या कॅप्सूलमध्ये जिलेटिन आहे का विचारतो, मिठाईवरचा वर्ख कसा कुटला ते विचारतो. आणि वाद्याच्या बाबतीत? सतारीच्या घोडीला शिंग किंवा हाड असतं, तबल्याला चामडं असतं. हे घरात येतं, मंदिरातही येतं, आणि विचारणारी कुणी नसते. मुलांना नवी गिटार घेऊन देणाऱ्या किती जणींनी तिचा नट कशाचा आहे हे विचारलं? दुरुस्ती करायला बसलं म्हणून तर मला कळलं. खोका उघडून नवी हातात घेतली असती तर कधीच कळलं नसतं.

आदान-निक्षेपण समिती आपण मुनींच्या आचारात वाचतो. वस्तू उचलताना-ठेवताना बघून, जपून. श्रावकाच्या घरात निदान त्याचा वास तरी असावा. गिटार भिंतीला टेकवून ठेवायची, ती पडायची, खुंट्या वाकायच्या, हा प्रमादच. आता ती खुंटीला टांगलेली असते.

खर्च लिहिते, कारण विचाराल. तारांचा संच साडेचारशे, नट आणि त्याची मजुरी नऊशे, कुरियर तीनशे. एकूण सोळाशे पन्नास. दुकानदाराचे अठरा हजार.

कुणाच्या घरी अशी गिटार पडून असेल तर एवढं करा. ब्रिजचे पुढचे स्क्रू हलवायच्या आधी तारा पूर्ण सैल करा, नाहीतर ताणामुळे पट्टीची टेकायची धार झिजते, आणि मग मात्र खरंच खर्च येतो. मागची झाकणी उघडून स्प्रिंगांचा फोटो काढा. कारागिराला फोन करताना नट कशाचा आहे ते आधी विचारा. पत्ता हवा असेल त्यांनी मला विचारा, देईन.