अपडाऊनच्या पलीकडले कॉलेज

भाद्रपद सरत येतो, कपाशीला बोंडे धरू लागतात, घराघरांतल्या कोनाड्यांत मातीची गुलाबाई येऊन बसते, आणि आपल्या खान्देशातल्या गल्ल्यांना संध्याकाळी मुलींच्या गाण्यांचा सूर लागतो. याच दिवसांच्या आगेमागे दरवर्षी २४ सप्टेंबर ही तारीख येते. राष्ट्रीय सेवा योजनेचा हा स्थापनादिन. महाविद्यालयांच्या आवारात त्या दिवशी चार रोपे लागतात, एखादी फेरी निघते, पाहुण्यांचे भाषण होते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एक छायाचित्र दिसते. आपल्या नशिराबादेत या दिवसाची वार्ता सहसा पोहोचत नाही. ज्या घरांतली मुले-मुली जळगावला किंवा भुसावळला शिकायला जातात, त्या घरांतही नाही. तरीही या तारखेपाशी आपण थोडे थांबावे असे वाटते. कारण तिच्यामागे उभा असलेला प्रश्न थेट आपल्या उंबऱ्याशी येतो. आपली मुले कॉलेजात जातात, हे खरे. पण ती कॉलेजची होतात का?

जळगाव-भुसावळ रस्त्यावरच्या आपल्यासारख्या गावांतला विद्यार्थी म्हणजे अपडाऊन करणारा विद्यार्थी. सकाळची एसटी गाठायची, पासवर शिक्का घ्यायचा, दोन-तीन तास करायचे आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास सुरू होण्याआधीच फाटकाबाहेर पडायचे. घरी आल्यावर म्हशीचे दूध, दुकानाचा गल्ला, वेचणीच्या दिवसांत शेतातली हजेरी. या क्रमात पदवीची तीन वर्षे कधी संपतात ते कळत नाही. हातात गुणपत्रिका येते, पण यावलहून किंवा चोपड्याहून आलेला, त्याच बाकावर बसणारा मुलगा कोण होता हे विचारायचे राहून जाते. त्यात दोष मुलांचा नाही. भाडे वाचवायचे असते, कामाला हात हवे असतात, आणि मुलगी अंधार पडायच्या आत घरी यावी ही आईची काळजीही खोटी नसते. पण या काटकसरीत शिक्षणाचा एक मोठा हिस्सा आपण बसथांब्यावरच सोडून येतो, याची जाणीव आपल्याला असावी.

तो हिस्सा म्हणजे स्वतः निवडलेल्या सोबत्यांच्या मंडळात सामील होणे. घर, जात, गल्ली ही आपल्याला जन्माने मिळतात. कॉलेजातले मंडळ मात्र आपण होऊन पत्करायचे असते, मग ते सेवा योजनेचे पथक असो, छात्रसेना असो, विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवाच्या तालमींत रमणारा नाटकाचा गट असो की वसतिगृहातली एखादी खोली. विशीच्या उंबरठ्यावर माणूस प्रथमच स्वतः माणसे निवडतो, त्यांच्यासाठी राबतो, त्यांना शब्द देतो आणि तो पाळायला शिकतो. वर्गातल्या फळ्यावर हे उमटत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांत तिचा आरंभ केला. त्याच्या दशकभर आधी, १९५९ मध्ये, राष्ट्रसेवेचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली होती आणि तिचे अध्यक्ष होते आपले चिंतामणराव देशमुख. तरुणांकडून काही महिन्यांची सेवा सक्तीने घ्यावी असे त्या समितीचे मत होते; पुढे सक्ती मागे पडली आणि स्वेच्छा उरली. ते बरेच झाले, कारण आपण होऊन आलेला हातच टिकून काम करतो. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि एकदा सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, एवढीच अट. छातीवर बिल्ला असतो कोणार्कच्या सूर्यमंदिरातल्या रथचक्राचा. त्याच्या आठ आऱ्या दिवसाचे आठ प्रहर सांगतात.

या सगळ्यात खरे मोल त्या सात दिवसांचे आहे. हिवाळ्यात, पिके उभी असताना, पन्नास-शंभर मुले-मुली आपापल्या वळकट्या घेऊन एखाद्या दत्तक गावी उतरतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, मग कुदळ-फावडे घेऊन श्रमदान. कुठे ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा, म्हणजे रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून त्यांची एकावर एक रास रचायची आणि वाहून जाणारे पाणी पिकापुरते अडवायचे. कुठे घरामागे शोषखड्डे खणायचे. दुपारी बौद्धिक, रात्री शेकोटीभोवती गाणी आणि नकला. स्वयंपाकाची पाळी लागते, भांड्यांची लागते. ज्याने घरी कधी ताट उचलले नाही, तो शंभर जणांच्या पातेल्याला भिडतो. कळण्याची पुरी आणि भरीत एका पंगतीत वाढले जाते, तेव्हा सातपुड्यातून आलेला पावरा मुलगा, रावेरच्या केळीबागायतदाराचा मुलगा आणि आपल्या नशिराबादच्या मोहल्ल्यातला मुलगा एकमेकांशेजारी बसलेले असतात. चौथ्या दिवशी कोणाला तरी ताप येतो आणि कोणीतरी रात्रभर उशाशी जागते. समारोपाला डोळे ओलावतात, ते काही भाषणाने नव्हे.

मग पुढे काय होते? शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख कोणी कळवत नाही, ती या सोबत्यांकडून कळते. दवाखान्यात रक्त लागले तर पहिला फोन त्यांना जातो. पुण्याला मुलाखतीला जायचे तर रात्र काढायला त्यांचीच खोली असते. शहरातल्या सुशिक्षित घरांतली मुले ओळखीपाळखी वारशाने घेऊन येतात; आपल्या गावातल्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या, हमालाच्या मुलाला त्या कॉलेजातच कमवाव्या लागतात. म्हणून ज्याच्याकडे घरचे पाठबळ कमी, त्याला अशा मंडळाची गरज अधिक. आणि नेमका तोच विद्यार्थी शेवटची बस पकडायला आधी निघून जातो, ही आपल्या काळजाला लागायला हवी अशी गोष्ट आहे.

ही गरज काही आपल्याच मुलखाची नाही. अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी महाविद्यालयातल्या काही विद्यार्थ्यांनी ५ डिसेंबर १७७६ रोजी फाय बीटा काप्पा हे मंडळ काढले आणि तेथून ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या बंधुमंडळांची परंपरा सुरू झाली. मुलींनीही पुढे आपली भगिनीमंडळे उभारली. त्या परंपरेतली सर्वांत अर्थपूर्ण पाने लिहिली ती एकाकी विद्यार्थ्यांनी. कॉर्नेल विद्यापीठात मूठभर कृष्णवर्णीय मुले होती, मंडळांची दारे त्यांना बंद होती, आणि काही जण तर शिक्षण अर्धवट टाकून परतलेच नव्हते. उरलेल्यांनी आधी एकत्र अभ्यास करायला सुरुवात केली आणि १९०६ मध्ये अल्फा फाय अल्फा स्थापन केले. मार्टिन ल्यूथर किंग पुढे याच मंडळाचे सभासद झाले. हॉवर्ड विद्यापीठातल्या मुलींनी १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा काढले आणि काही आठवड्यांतच त्या वॉशिंग्टनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. एकटेपणाला उत्तर म्हणून जमलेली माणसे किती लांबवर जाऊ शकतात, ते यात दिसते.

आपल्या महाराष्ट्रात तर याहून मोठा दाखला आहे. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टनमधल्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापली. निबंध वाचावेत, चर्चा करावी एवढ्यासाठी जमलेले हे तरुण. पण पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आपला कामधंदा सुरू होण्याआधीच्या सकाळी स्वतः जाऊन शिकवले. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच एक. मंडळात जे मिळाले ते मंडळाबाहेर नेऊन द्यायचे, हा रिवाज आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

आणि खान्देशापुरते बोलायचे, तर अमळनेरचे छात्रालय कसे विसरावे? १९२४ मध्ये साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली ती मुले. घरापासून तुटलेली, बुजरी, काहीशी रांगडी. गुरुजींनी त्यांना शिस्तीचा बडगा दाखवला नाही. मुले शाळेत गेली की ते स्वतः त्यांच्या खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणे आवरून ठेवत. हे पाहून मुलांना लाज वाटली आणि हळूहळू तीच आपापली खोली, मग शेजाऱ्याची खोली आवरू लागली. गुरुजी त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढत. छात्रालयातल्या बारीकसारीक घडामोडी, जगातल्या वार्ता, थोरांच्या गोष्टी त्यात असत. रोजच्या नोकरीत मुलांच्या वह्या तपासून थकलेल्या माणसाने रात्री बसून छात्रालयातल्या पोरांसाठी हाताने वर्तमानपत्र लिहावे, याचा विचार मनात आला की अजूनही थक्क व्हायला होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. त्या छात्रालयाने खान्देशाला एक माप देऊन ठेवले आहे. मंडळ चांगले की वाईट ते त्याच्या नावावरून किंवा झेंड्यावरून ओळखायचे नाही. तेथे नव्याने आलेल्याचे अंथरूण कोण घालते, ते पाहायचे.

या मापाने पाहिले तर काही मंडळांपासून मुलांना दूर ठेवणे हेही आपले कर्तव्य ठरते. नव्या मुलाला अपमानित करून, त्याला भेदरवून ‘आपला’ करण्याची रीत अमेरिकेतल्या बंधुमंडळांनाही लागलेला डाग आहे आणि आपल्याकडे ती रॅगिंगच्या रूपाने आली. महाराष्ट्राने १९९९ मध्येच त्याविरुद्ध कायदा केला. कायदा शिक्षा करील. पण घरात मूल गप्प गप्प झाले तर ते आधी आपल्यालाच दिसणार. तसेच जातीच्या नावाने जमणारी टोळकी, निवडणुकीपुरती गोळा केलेली पोरे, गाड्यांच्या पेट्रोलवर पोसलेली मैत्री यांनाही आपण मंडळ म्हणू नये. ती मुलांकडून घोषणा घेतात आणि त्यांची परीक्षा बुडाली तर विचारपूसही करीत नाहीत.

मुलींच्या बाबतीत मात्र आपण अधिक खुल्या मनाने विचार करायला हवा. गुलाबाईच्या महिन्यात आपण त्यांना गल्लीभर फिरू देतो. एकीच्या घरून दुसरीच्या घरी, टिपऱ्या वाजवत, गाणी म्हणत त्या जातात. डब्यात झाकून ठेवलेला खाऊ हलवून ओळखतात, हसतात, कोजागिरीपर्यंत त्यांचे एक स्वतंत्र जग असते. आजीपासून नातीपर्यंत चालत आलेली ही भगिनीमंडळेच आहेत, आणि त्यांनी कोणाचे काही बिघडवले नाही. मग बारावीनंतर तीच मुलगी मैत्रिणींबरोबर सात दिवस शिबिराला जाते म्हणाली, की आपल्या कपाळाला आठ्या का पडाव्यात? ज्या विद्यापीठाच्या पदव्या आपली मुले घेतात, त्याला २०१८ पासून नाव आहे ते आपल्या शेजारच्या असोद्यात जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरींचे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने जे दिले त्याचा आपण अभिमान बाळगतो. तो अभिमान आपल्या लेकींना शाळेच्या पायरीपुढेही चार पावले जाऊ देण्यात उतरला पाहिजे.

महाविद्यालयांकडेही एक मागणी करावीशी वाटते. पथकांच्या सभा, तालमी, व्याख्याने संध्याकाळी पाचनंतर ठेवली, की खेड्यातले विद्यार्थी आपोआप गळतात आणि यादीत शहरातलीच नावे उरतात. दुपारचा एक तास त्यासाठी राखून ठेवणे फार अवघड नाही. नव्या शैक्षणिक धोरणात अशा उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत, तेव्हा वेळापत्रकात त्यांना जागाही मिळायला हवी. आणि गावाकडे जे आहे ते गावाने करावे. नशिराबादहून रोज बसने जाणारी मुले-मुली आज एकाच गाडीत एकमेकांना अनोळखी बसतात. त्यांना रविवारी दोन तास बसायला शाळेचा एखादा वर्ग उघडून दिला, दहावीच्या मुलांना गणित-इंग्रजी शिकवण्याचे काम सोपवले, तर एल्फिन्स्टनच्या त्या विद्यार्थ्यांचा वसा येथेही चालू शकेल. गावात सेवा योजनेची शिबिरे करून आलेले आता चाळिशी-पन्नाशीतले कितीतरी जण आहेत. कोणी शिक्षक आहेत, कोणी दुकान चालवतात. पहिल्या बैठकीला त्यांनीच पुढाकार घ्यावा.

डिसेंबर उजाडला की शिबिराचे संमतिपत्र घरोघरी येईल. खाली पालकांच्या सहीसाठी एक रेघ असेल. मन कचरत असेल, तर कार्यक्रमाधिकाऱ्यांना फोन करावा, मुक्काम कुठे आहे, सोबत शिक्षिका कोण आहेत ते विचारून घ्यावे, आणि तरी चैन पडले नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतः त्या गावी जाऊन यावे. जाताना पाच किलो शेंगदाणे किंवा केळीचा एक घड बरोबर न्यावा. शंभर मुलांच्या स्वयंपाकात तो लागतोच. पण सही करावी.