निर्वासितांची चूल आणि यजमानांचे रान

तांदूळ, डाळ आणि तेल एवढे वाटले म्हणजे निर्वासिताच्या पोटाची तजवीज झाली, अशी समजूत मदतकार्य करणाऱ्या संस्थांत दीर्घकाळ रूढ होती. कच्चा तांदूळ कोणी खात नाही, ही गोष्ट कोणत्याही गृहिणीला विचारली असती तरी कळली असती. परंतु छावण्यांचे आराखडे ज्या बैठकांत ठरतात तेथे गृहिणींना बोलावण्याची प्रथा नाही. त्यामुळे शिध्याच्या पोत्याबरोबर लागणारे सरपण कोठून यावयाचे, हा प्रश्न छावणीतल्या बायकामुलांवर सोपवला गेला आणि त्यांनी तो भोवतालच्या रानात जाऊन सोडवला. रान ज्यांचे होते त्यांचे काय झाले, याचा विचार त्यानंतर पुष्कळ वर्षांनी सुरू झाला.

बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात हे सारे अलीकडच्या काळात जगाच्या डोळ्यांदेखत घडले. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या काही महिन्यांत सीमा ओलांडून आले. आधी आलेले धरून ही संख्या दहा लाखांच्या घरात गेली आणि कुतुपालोंग ही जगातील सर्वांत मोठी निर्वासित छावणी ठरली. बांगलादेश हा श्रीमंत देश नव्हे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर त्याने सहीही केलेली नाही. असे असूनही त्याने सीमा उघडली. करारावर सह्या करून मोकळे झालेल्या आणि दाराशी आलेल्यांना माघारी पिटाळणाऱ्या सधन राष्ट्रांच्या तुलनेत ही गोष्ट लहान नव्हे, आणि बांगलादेशाच्या धोरणातील दोष दाखवताना तिचा विसर पडता कामा नये.

उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांतील टेकड्या तेव्हा झाडीने भरलेल्या होत्या. प्रथम झोपड्यांसाठी झाडे तुटली आणि मग चुलीसाठी. झाडे संपल्यावर लोकांनी मुळे खणून काढली. मुळांनी धरून ठेवलेली वाळूमिश्रित माती उघडी पडली आणि पावसाळ्यात दरडी कोसळून माणसे दगावू लागली. हा भाग आशियाई हत्तींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. छावणी नेमकी त्या वाटेवर वसली. सवयीने जुन्या वाटेने येणाऱ्या हत्तींच्या पायांखाली पहिल्या काही महिन्यांतच डझनभर निर्वासित मेले. पुढे निर्वासितांमधूनच स्वयंसेवकांची पथके उभारून, बांबूच्या मचाणांवरून पहारा ठेवून हत्तींना शांतपणे परतवण्याची व्यवस्था करावी लागली. सरपणासाठी जाणाऱ्या मुलींना हत्तींपेक्षा माणसांचे भय अधिक होते. रान दूर जाऊ लागले तशी वाट लांबली, आणि वाट लांबली तसे हे भयही वाढले.

आता यजमानांकडे पाहावे. उखिया आणि टेकनाफ येथील स्थानिक रहिवाशांपेक्षा निर्वासितांची संख्या कितीतरी अधिक झाली. हे रहिवासी जमीनदार नव्हेत. मजुरी, मासेमारी, थोडी शेती आणि रानातून मिळणारे लाकूडफाटा, मध, बांबू यांवर त्यांचा संसार चाले. ज्यांनी पहिल्या आठवड्यात आपल्या घरचा भात निर्वासितांना वाढला, त्यांनाच वर्षभराने सरपण मिळेनासे झाले, मजुरीचे दर उतरले आणि बाजारात भाजी महागली. अशा वेळी सहानुभूती आटली तर त्याचा दोष माणसाच्या कोत्या मनावर टाकणे सोपे आहे. पण चूल पेटत नसलेल्या घरातून औदार्याची अपेक्षा करणाऱ्यांनी प्रथम स्वतःच्या घरातली चूल आठवावी. निर्वासितांना मदत आणि शेजारच्या गरिबाला काहीच नाही, अशी विभागणी ज्या योजनेत असते ती योजना दोन गरिबांना एकमेकांविरुद्ध उभे करते.

२०१८ च्या उत्तरार्धात या भागात स्वयंपाकाच्या गॅसचे वाटप सुरू झाले. निर्वासितविषयक उच्चायुक्तांचे कार्यालय, स्थलांतर संघटना, अन्न व कृषी संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रम या राष्ट्रसंघाच्या चार संस्थांनी, एरवीची आपापली स्वतंत्र संस्थाने बाजूस ठेवून, ही योजना एकत्र चालवली. प्रत्येक कुटुंबाला एक शेगडी, एक सिलिंडर आणि कुटुंबाच्या आकारमानानुसार ठरावीक दिवसांनी भरलेला सिलिंडर, असे तिचे स्वरूप होते. महत्त्वाची गोष्ट ही की, शेजारच्या गावांतील गरजू कुटुंबांनाही तिच्यात सामावून घेण्यात आले. त्याबरोबरच उघड्या पडलेल्या टेकड्यांवर गवत आणि स्थानिक झाडे लावण्याचे काम हाती घेतले गेले आणि त्यात दोन्ही बाजूंच्या मजुरांना रोजगार मिळाला. निर्वासित कुटुंबांची सरपणाची मागणी सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे पुढे पाहणीत आढळले. धुराने चुरचुरणारे डोळे निवले, शिध्यातला तांदूळ विकून लाकूड घेण्याची पाळी टळली. ज्या टेकड्या २०१८ साली भाजलेल्या मडक्यासारख्या तांबड्या दिसत होत्या, त्यांतील अनेकांवर पुन्हा हिरवळ आली.

महाराष्ट्रातील वाचकाला या योजनेतील मर्म सहज उमजेल. २०१६ साली आपल्या देशात उज्ज्वला योजना सुरू झाली तेव्हा जोडणी मिळणे आणि चूल सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खेड्यापाड्यांतून लवकरच दिसून आले. पहिला सिलिंडर संपला, दुसऱ्यासाठी पैसे नव्हते, आणि शेगडी फळीवर ठेवून बाई पुन्हा चुलीकडे वळली, अशी घरे विदर्भात आणि मराठवाड्यात शोधावी लागत नाहीत. कॉक्स बाजारमध्ये सिलिंडर नियमाने भरून मिळाला म्हणूनच योजना टिकली. याचाच दुसरा अर्थ असा की, तो ज्या दिवशी मिळणार नाही त्या दिवशी ती कोसळेल. कारण ज्याला कायद्याने नोकरी करता येत नाही तो सिलिंडर विकत घेणार कशातून?

काही पर्यावरणवाद्यांचा या योजनेवर निराळाच आक्षेप आहे. गॅस हे खनिज इंधन आहे, त्याला स्वच्छ ऊर्जा म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे, असे ते म्हणतात. शास्त्रार्थ म्हणून हे खरे. परंतु ज्या छावणीत पर्याय ओल्या लाकडाचा आणि जळक्या प्लॅस्टिकचा होता तेथे हा शास्त्रार्थ सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याच्या शैलीविषयी व्याख्यान देणे होय. उभे रान वाचले, मातीची धूप थांबली, बायकांच्या छातीत धूर जाणे थांबले. या हिशेबात गॅसची बाजू पुष्कळच उजवी ठरते. सौरऊर्जेवर चालणाऱ्या विजेच्या शेगड्या उद्या स्वस्त झाल्या, तर त्या अवश्य याव्यात. मात्र त्यासाठी झोपडीपर्यंत वीज यावी लागेल, आणि वीज आली की वस्ती कायमची होईल या भयाने तिला परवानगी मिळत नाही.

आगीचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. २२ मार्च २०२१ रोजी बालुखाली भागात लागलेल्या आगीत किमान १५ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे ४५ हजार बेघर झाली. फुटणाऱ्या सिलिंडरांनी आग अधिक भडकली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बांबू आणि ताडपत्रीखेरीज दुसरे काही वापरू न देता लाखो माणसे दाटीवाटीने वसवावयाची, भोवती काटेरी तारांचे कुंपण घालावयाचे, आणि मग आगीचे खापर एकट्या शेगडीवर फोडावयाचे, हे न्यायाचे नाही. आगीपासून पळणारी माणसे त्या कुंपणाशी अडली होती.

जॉर्डनने थोडी निराळी वाट धरली. सीरियातून आलेल्यांसाठी जुलै २०१२ मध्ये उघडलेल्या झाअतरी छावणीत लोकांनी रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवरून आपापल्या तंबूत तारा ओढल्या. चोरीची वीज, उघड्या तारा आणि उच्चायुक्त कार्यालयाच्या माथी येणारे भरमसाट बिल, अशी ती अवस्था होती. ती चोरी होती यात संशय नाही. पण तंबूतही माणसाला दिवा लागतो, याचा तो सर्वांत ठळक पुरावाही होता. मे २०१७ मध्ये अझराक छावणीत दोन मेगावॅटचा सौर प्रकल्प एका स्वीडिश फर्निचर कंपनीच्या प्रतिष्ठानाच्या पैशातून उभा राहिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात झाअतरीत जर्मन सरकारच्या मदतीने जवळजवळ १३ मेगावॅटचा. झाअतरीतील सुमारे ८० हजार लोकांना दिवसाकाठी बारा ते चौदा तास वीज मिळू लागली आणि वर्षाला पन्नास लाख डॉलरांहून अधिक बचत होईल असा अंदाज बांधण्यात आला. अझराकचा प्रकल्प उभारताना निर्वासितांनाच प्रशिक्षण देऊन कामाला घेतले गेले, आणि उरलेली वीज जॉर्डनच्या जाळ्यात मोफत सोडण्याची व्यवस्था झाली. डिसेंबर २०२४ मध्ये दमास्कसमधील राजवट पडली आणि सीरियन कुटुंबे परतू लागली. ती सारी परतली तरी सूर्यावर चालणारी वीज जॉर्डनपाशी उरते. यजमानाला पाहुणा गेल्यावरही काही उरावे, हा विचार या क्षेत्रात फार थोड्या ठिकाणी झाला आहे.

केनियाचा अनुभव मात्र अशा योजनांविषयी अवाजवी आशा बाळगणाऱ्यांनी वाचावा असा आहे. दादाब येथील सोमाली निर्वासितांच्या छावण्यांत सरपणाला जाणाऱ्या स्त्रियांवर बलात्कार होत, म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना लाकूड पुरवण्याची योजना आखली गेली. ज्या काळात लाकूड मिळाले त्या काळात रानातले अत्याचार कमी झाले. परंतु अन्य ठिकाणचे वाढले. लाकूड देणे योग्यच होते. पण रक्षक, न्यायालय आणि रात्रीचा दिवा यांची जागा मोळी घेऊ शकत नाही, एवढे त्यातून निष्पन्न झाले. त्याच देशात तुर्काना प्रांतात, काकुमा छावणीनजीक, कालोबेयेई येथे निर्वासित आणि स्थानिक यांची वसाहत एकत्रच योजण्यात आली. सौर विजेची लहान केंद्रे दोघांनाही वीज विकतात. फुकट नव्हे, विकतात. ज्याला धंदा करता येतो तो शिलाई यंत्र चालवून बिल भरतो.

या सर्व प्रयत्नांच्या वाटेत एकच शब्द आडवा येतो, आणि तो म्हणजे ‘तात्पुरते’. छावणी तात्पुरती, म्हणून डिझेलचे जनरेटर. छावणी तात्पुरती, म्हणून एका वर्षाचा निधी. दादाब १९९१ सालचे आहे, काकुमा १९९२ चे. रोहिंग्यांचे लोंढे १९७८ साली आले होते, १९९१-९२ साली आले होते, आणि कुतुपालोंगची मूळ वस्ती त्या दुसऱ्या लोंढ्यातली आहे. तात्पुरतेपण खरे ठरल्याचे उदाहरण आपल्यापाशी आहे: १९७१ साली पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांपैकी बहुतेक जण पुढच्या वर्षाच्या आरंभी परत गेले. त्यांच्यासाठी त्या वर्षी नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, हे जुन्या पिढीतील पत्रलेखकांना आठवत असेल. (निर्वासित परतल्यावरही तो कर १९७३ च्या मार्चपर्यंत चालू राहिला, ही सरकारी तात्पुरतेपणाची आणखी एक तऱ्हा.) पण नियम म्हणून उल्हासनगरकडे पाहावे. १९४७ नंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित उतरले. आज ते मोठे शहर आहे, आणि तरीही तेथील वस्त्यांचे पत्ते कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगितले जातात. तेथील बराकींना वीज देऊ नका, हे लोक उद्या जाणार आहेत, असे कोणी म्हटले असते तर महाराष्ट्राचे केवढे नुकसान झाले असते!

लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेने २०१५ साली केलेल्या अभ्यासाप्रमाणे, छावण्यांत राहणाऱ्या विस्थापितांपैकी सुमारे नव्वद टक्के लोकांपाशी वीज नव्हती, आणि तरीही ऊर्जेवर जगभरातील विस्थापित वर्षाला सुमारे २१० कोटी डॉलर खर्च करीत होते. गरीब माणूस अंधार आणि धूर श्रीमंतापेक्षा महाग दराने विकत घेतो, हेच त्यातून दिसते. हा पैसा आजही खर्च होतो, फक्त मेणबत्तीत, रॉकेलात आणि लाकडात. म्हणून स्वच्छ ऊर्जेच्या कार्यक्रमाचे नेतृत्व केवळ जिनिव्हातील कार्यालयाकडे राहून भागणार नाही. यजमान सरकारने आपल्या वीज मंडळाच्या आराखड्यात छावणी आणि तिच्या सभोवतालची गावे यांचा एकत्र अंतर्भाव केला पाहिजे, निर्वासितांना रोजगाराची मोकळीक दिली पाहिजे, आणि देणगीदार राष्ट्रांनी किमान पाच-दहा वर्षांचे वचन दिले पाहिजे. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, आणि सर्वांत आधी तीच मोडली.

जगातील निर्वासितांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. पैसा मात्र दुसरीकडे आहे. २०२५ साली अमेरिकेने परकीय मदतीला कात्री लावली आणि काही युरोपीय राष्ट्रांनी तिचे अनुकरण केले. त्या वर्षी जुलैत उच्चायुक्त कार्यालयाने जाहीर इशारा दिला की, नवा निधी न आल्यास कॉक्स बाजारमधील गॅसचा साठा सप्टेंबरपर्यंतच पुरेल. मागील दीड वर्षात आणखी दीड लाख रोहिंग्या तेथे येऊन दाखल झाले होते. भरलेल्या सिलिंडरांसाठी असा महिन्यामहिन्याने झोळी पसरण्याचा क्रम चालू राहिला, तर एखाद्या महिन्यात ती रिकामी राहणारच. त्या महिन्यात छावणीतली बाई कोयता घेऊन टेकडीकडे जाईल, आणि तिच्या हाताशी सर्वांत आधी लागेल ते २०१८ नंतर लावलेले, अजून मनगटाएवढेही न झालेले झाड.