कशावरून, भाऊ?

यंदाचा दिवाळी अंक छंदाला वाहिलेला आहे आणि त्याची सुरुवात आम्ही पिंगळा या छोट्या घुबडापासून करतो. जुना कडुनिंब टिकून असेल तर अमरावतीच्या राजापेठेसारख्या गजबजलेल्या भागातही त्याची जोडी सापडते. याच पिंगळ्याचा फोटो कुणी ‘मेळघाटातला दुर्मिळ रानपिंगळा’ म्हणून फेसबुकवर टाकला, की पाहता पाहता ‘व्वा’, ‘अप्रतिम’ची रांग लागते. पक्षीमित्रांच्या मंडळीत मात्र पहिलाच प्रश्न येतो, “भाऊ, डोकं दिसून नाही राह्यलं. दुसरा फोटो हाय का?”

साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. रानपिंगळ्याचं जवळजवळ कोरं, आणि छाती बरीचशी गर्द तपकिरी. मग तारीख, वेळ, जागा, झाड, सगळं विचारलं जातं. नवख्याचा चेहरा उतरतो खरा, पण पुढच्या रविवारी छत्री तलावावर किंवा पोहरा-मालखेडच्या रानात तोच पोरगा वही काढून नोंद करताना दिसतो. फेसबुकमुळे कितीतरी मुलं पक्ष्यांकडे वळली, हे आम्हाला मान्यच आहे. त्यांना घडवलं मात्र या विचारणाऱ्या माणसांनी.

‘कशावरून?’ हा प्रश्न वेळेवर न विचारल्याचे परिणाम रानपिंगळ्याच्याच बाबतीत दिसले. पक्षीअभ्यासक ह्यूमने १८७३ साली त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याची खरी नोंद नव्हती, पण माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ तो मिळवल्याचं सांगितलं आणि नामांकित अभ्यासकांनीही ते मानलं. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. जेम्स डेव्हिडसनने खानदेशात गोळा केलेला पक्षी माइनर्ट्झहागेनने संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावून खपवला होता! ती नोंद बाजूला सारून, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पोचले. तिथे भरदिवसा त्यांना रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला.

आपल्या पक्षीमित्रांचा आणखी एक गुण आम्हाला फार मोलाचा वाटतो. घरट्याची जागा ते जाहीर करत नाहीत. चार लोकांना दाखवावं असं कुणाला वाटत नाही? तरी ते थांबतात, कारण लक्ष्मीपूजनाच्या सुमारास अघोरी विधींसाठी घुबडं पकडली जातात, विकली जातात, मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, तरीही.

वाचकहो, दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. या दिवसांत घुबडाची ढोली दिसली तर फोटोसोबत ठिकाण टाकू नका. आणि कुठे घुबड विकायला आलेलं दिसलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.