पाण्यात काय आहे, हे आधी पाहा

"डॉक्टर, आरओ बसवून घेऊ का?" हा प्रश्न शनिवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात हल्ली सर्दी-खोकल्याइतक्याच नेमाने येतो. विचारणाऱ्याच्या घरी बहुधा विक्रेता येऊन गेलेला असतो. त्याने पेनासारखे एक मीटर नळाच्या पाण्यात बुडवून दाखवलेले असते आणि त्यावरचा आकडा पाहून घरातली मंडळी घाबरलेली असतात. मी विचारतो, हा आकडा कशाचा? उत्तर येते, "अशुद्धतेचा."

वाचकहो, तो आकडा जंतूंचा नसतो, विरघळलेल्या क्षारांचा असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले उत्तम. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतात. खडकवासल्याहून पर्वती जलकेंद्रामार्गे पेठांत येणारे पाणी ह्या ५०० च्या पुष्कळ खाली आहे. उलट, पटकीच्या जंतूंनी भरलेल्या पाण्यातही ते मीटर छान कमी आकडा दाखवू शकते!

आरओ हे तंत्र मुळात खारे पाणी गोडे करण्यासाठी आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी मोठ्या दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले की क्षार मागे राहतात. धरणाच्या गोड्या पाण्याला हे यंत्र लावणे म्हणजे साध्या सर्दीला भारी अँटिबायोटिक देण्यासारखे आहे. शिवाय अनेक घरगुती यंत्रे एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतात. क्षार ५०० च्या आत असतील तेथे आरओला बंदी करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली दिला होता. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. यंत्रांचा खप मात्र थांबला नाही.

मग पुण्याच्या पाण्याची काळजीच नको की काय? तसे मुळीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस, म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, ते आठवा. पुणे परिसरात दोनशेवर रुग्ण नोंदले गेले, काही दगावले, कित्येकांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. मोठा गट सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी ह्या भागातला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. हा जिवाणू दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून पोटात जातो. बहुतेकांना जुलाब होतात आणि ते बरे होतात. हजारात एखाद्याच्या बाबतीत मात्र शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. एक ते तीन आठवड्यांनी पाय लुळे पडू लागतात. ही अशक्तता वर सरकत छातीच्या स्नायूंपर्यंत पोचली की श्वास अडतो. नांदेड गावाच्या विहिरीचे पाणी तेव्हा जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ जंतुनाशक टाकून लोकांना मिळत होते. जुलै २०२१ च्या तोंडावर ही गावे महापालिकेत आली. साडेतीन वर्षे लोटली, तरी गाळलेले पाणी आले नव्हते.

ह्यातली खरी शिकवणी पुढेच आहे. त्याच परिसरातल्या अनेक खासगी आरओ केंद्रांचे पाणी तपासणीत पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेला ती बंद करावी लागली. लोक ज्या जारकडे 'शुद्ध' म्हणून वळले, त्यातच घाण! हे कसे झाले? आरओ यंत्रात पडद्याच्या आधी कोळशाची गाळणी असते आणि ती क्लोरिन काढून टाकते. क्लोरिन हा नळाच्या पाण्यातला पहारेकरी. लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन नळापर्यंत शिल्लक राहिला, तर वाटेत शिरलेला जंतू मरतो. पहारेकरी काढून घेतलेले पाणी न धुतलेल्या टाकीत, न धुतलेल्या जारमध्ये, टेम्पोत, लग्नाच्या मांडवात पडून राहते. बारामती असो, शिरूर असो की जुन्नर, थंड जारचा धंदा आज कोठे नाही? सीलबंद बाटलीवर परवान्याचा क्रमांक तरी असतो. सुट्या जारवर लक्ष कोणाचे, असे विचारले की एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते.

आता पुण्यातल्याच दोन गोष्टी सांगतो. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल, १९५० पासून सरकारी पैशावर चालते. तेथे अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा तयार झाला. त्याची छिद्रे आरओपेक्षा मोठी, पण जिवाणूपेक्षा पुष्कळ लहान. म्हणजे जंतू अडतात, पाण्यातले उपयोगी क्षार राहतात. नळाच्या दाबावर तो चालतो, वीज लागत नाही आणि मोरीत पाण्याची धार सोडावी लागत नाही. दुसरी गोष्ट पुण्याच्याच टाटा संशोधन केंद्रातली. तेथे भाताच्या तुसाच्या राखेपासून गाळणी करण्याचे काम अनेक वर्षे चालले. त्यातून डिसेंबर २००९ मध्ये 'स्वच्छ' हे हजार रुपयांच्या आतबाहेरचे, विजेवाचून चालणारे यंत्र बाजारात आले. पहिले काम सरकारी संस्थेचे, दुसरे खासगी. दोन्ही आपल्या गरजेला नेमकी लागू. तरी गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या आवारात दिसते ते आरओचेच खोके, पाण्यात क्षार असोत वा नसोत. माझ्या मते हा दोष शास्त्रज्ञांचा नाही. सरकार संशोधनाला पैसे देते आणि खरेदीच्या वेळी त्या संशोधनाकडे पाठ फिरवते. निविदेत 'आरओ' हे दोन अक्षरी नाव आधी लिहिलेले असते. पाण्याचा अहवाल मागाहून जोडला जातो, किंवा जोडलाच जात नाही.

आरओच्या मी विरुद्ध नाही. वऱ्हाडातील खारपाणपट्ट्यात ते हवेच. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतली शेकडो गावे अशी आहेत, की विहीर खणली तर खारे पाणी लागते. तेथील मूत्रपिंडाच्या विकारांविषयी वर्षानुवर्षे तक्रारी आहेत. पाण्यातले मीठ रक्तदाबाच्या रोग्याला घातक, हे तर कोणताही डॉक्टर सांगेल. कोणी म्हणतील, धरणाचे पाणी नळाने न्या, यंत्रे कशाला? वान धरणावरची ८४ खेडी योजना त्यासाठीच झाली. पण टोकाच्या गावांच्या तक्रारी वृत्तपत्रांत आपण वाचतोच. तेथे दोन्ही लागेल. यवतमाळ-चंद्रपूरकडे दुखणे आणखी वेगळे, फ्लोराइडचे. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. बरीच वर्षे असे पाणी पोटात गेले तर पाठीचा कणा ताठतो, माणूस वाकू शकत नाही. हे पाणी कितीही उकळले तरी फ्लोराइड जात नाही, उलट थोडे दाटच होते. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा' पद्धत बसवून दिली, त्याला आता अर्धशतक होत आले. स्वस्त आणि साधी. पण रोज कोणीतरी मापाने तुरटी टाकायची, खाली बसलेला गाळ काढायचा, महिन्याला पाणी तपासायचे. त्या 'कोणीतरी'चा पगार कोणाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

खारे पाणी गोडे करण्याच्या संशोधनात आपला देश मागे नाही. २००५ साली लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेने दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभा केला. समुद्राचे वरचे पाणी कोमट, खोलवरचे थंड. ह्या फरकावर तो चालतो, त्याला पडदा लागत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कमला अणुवीज केंद्राच्या वाफेवर पाणी गोडे करून दाखवले. मुंबई महापालिकेने मनोरीला दिवसाला २० कोटी लिटरचा प्रकल्प योजला आहे. मुंबईने जरूर करावा. पण समुद्राच्या हजार लिटर पाण्यामागे तीन-चार युनिट वीज जाते. तो खर्च मुंबईला पेलेल. अकोटजवळच्या तीन हजार वस्तीच्या गावाला हवे आहे ते निराळे. भारनियमनात न अडणारे, गावातल्याच आयटीआय झालेल्या पोराला दुरुस्त करता येईल असे आणि उरलेल्या अतिखारट पाण्याची वाट लावणारे. आज ते पाणी शेजारच्या खड्ड्यात सोडतात आणि ते पुन्हा त्याच जमिनीत मुरते. ह्या उरलेल्या पाण्याचे काय करायचे, हा संशोधनाचा विषय आहे आणि सरकारने पैसे घालावेत तर तेथे घालावेत. तसेच यंत्र बसवण्याच्या पैशातून निदान पाच वर्षांच्या देखभालीचे आणि तपासणीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत. पडदा बदलायला रक्कम नाही म्हणून कुलूप लागलेली केंद्रे मी वऱ्हाडातच नव्हे, पुणे जिल्ह्यातही पाहिली आहेत.

तोवर घरी काय करावे? नगरपालिकेचे गाळलेले पाणी येत असेल, तर साधी गाळणी पुरे. शंका आली तर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवावे, झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने काढावे. बोअरचे पाणी असेल तर यंत्र घेण्याआधी प्रयोगशाळेतून क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू हे चारही तपासून घ्यावेत. जुलाबांनंतर पंधरवड्यात पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला, तर माझ्यासारख्याच्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. गावातल्या वाचकांनी आणखी एक करावे. पाण्याच्या स्वच्छतेनुसार दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाला यंदा कोणते मिळाले, हे ग्रामसभेत विचारा. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडून ओटी चाचणीची नोंदवही मागून घ्या. आणि एकदा सकाळी आपल्याच नळाखाली ती चाचणी करून पाहा. दोन थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले नाही, तर टीसीएल पावडर टाकलेली नाही किंवा ती कधीच निकामी झालेली आहे.