सूचना आणि विधान

आमच्या एका आप्तांच्या घरीं मध्यंतरीं एक विलक्षण घोटाळा झाला. चार भावांच्या सामाईक वाड्याविषयीं थोरल्या काकांचें मत परगांवच्या वकिलांस इंग्रजींतून कळवावयाचें होतें. काकांचें म्हणणें, वाडा विकावा. पुतण्या पदवीधर, त्यानें लिहिलें, ‘अंकल इन्सिस्ट्स दॅट द हाउस इज सोल्ड.’ वकिलांनीं अर्थ केला, वाडा विकला गेला आहे असें काका ठासून सांगतात! लगेच धाकट्या काकांकडे ‘खरेदीखत कोणत्या तारखेचें?’ अशी विचारणा गेली, आणि आपल्या पाठीमागें व्यवहार झाला या समजुतीनें ते पंधरा दिवस थोरल्या भावाशीं बोलले नाहींत. वास्तविक ‘इज’च्या जागीं ‘बी’ एवढेंच हवें होतें.

‘सजेस्ट’, ‘प्रपोज’, ‘रेकमेंड’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’ अशा क्रियापदांनंतर जी गोष्ट घडावी असें म्हणावयाचें असतें, तिचें क्रियापद मूळ रूपांतच ठेवितात. ‘दॅट ही गोज’ नव्हे, ‘दॅट ही गो’. मुख्य क्रियापद भूतकाळीं असलें तरी हें रूप हालत नाहीं: ‘आय सजेस्टेड दॅट ही गो.’ नकार करावयाचा तर ‘दॅट ही नॉट गो’. येथें ‘डझ’ आणूं नये.

आपल्यास हें अवघड वाटावयास नको. आपल्या विध्यर्थाचें ‘जावें’ हेंच काम करितें. ‘त्यानें जावें’ व ‘तो जातो’ यांची गल्लत मराठींत पांच वर्षांचें मूलही करणार नाहीं. अडचण इतकीच कीं, इंग्रजींत हें रूप बहुधा झांकलेलें असतें. ‘दे गो’ म्हटलें म्हणजे दोन्ही अर्थीं रूप एकच. तृतीयपुरुषी एकवचन अथवा ‘बी’ आलें म्हणजेच तें उघडें पडतें.

१९२६ सालीं फौलरसाहेबांनीं आपल्या कोशांत हा अर्थ कांहीं ठराविक जागा सोडल्यास मरणोन्मुख ठरविला होता. तथापि अमेरिकेंत तो या क्रियापदांमागें जोमानें टिकला, व पुढें विलायतेंतही पुनः रुळला. विलायतेंत ‘दॅट ही शुड गो’ असेंही लिहितात. तें शुद्धच आहे, आणि आमच्या मतें घरगुती पत्रास अधिक निर्धोक.

मात्र ‘सजेस्ट’ दिसला कीं डोळे मिटून मूळ रूप घालावें, असेंही नाहीं. ‘हिज फेस सजेस्ट्स दॅट ही इज इल’ यांत कोणी कोणास आजारी पडावयास सांगत नाहीं. चेहऱ्यावरून तसें दिसतें इतकेंच. तेथें ‘इज’च हवें. आणि ‘आय सजेस्टेड हिम टु गो’ ही आपल्याकडील पत्रांत सर्रास आढळणारी रचना तर दोन्ही अर्थीं अशुद्ध.

काकांनीं पुतण्यास समोर बसवून पत्र पुनः लिहविलें. या वेळीं त्यानें ‘शुड बी सोल्ड’ असें लिहिलें. धाकटे काका आतां बोलूं लागले आहेत. वाडा विकावा कीं नाहीं, हें मात्र अद्याप ठरावयाचें आहे.