शिवलेल्याचे मोल कोण ठरवणार?



कळंब तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. ती लिहिते, "आम्ही चौघी शिवणकाम शिकलो. लोकांचे ब्लाऊज शिवून घर चालत नाही. आपलाच माल शिवून दुकानांना द्यावा असे ठरवतो आहोत. मशीन आहेत, हात आहेत. आता कर्ज कुठून काढावे ते सांगा."

कर्जाचे आम्ही सांगणार आहोतच. पण पत्र वाचून आम्हाला आमच्याच घराची आठवण झाली. ती गोष्ट आधी ऐका.

आमच्या वहिनी आणि त्यांची शेजारीण अशा दोघींनी लग्नसराईच्या तोंडावर परकर शिवायचे ठरवले. तुळजापूरहून एस.टी.ने सोलापूर गाठले, पॉपलीनचे ताके आणले. दोन महिने रात्रीचा दिवस करून १२० परकर शिवले आणि तालुक्याच्या एका दुकानात नेऊन दिले. दर ठरला नगाला १४० रुपये. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, विकेल तसे पैसे देतो." चिठ्ठी नाही, सही नाही. वहिनी आनंदाने घरी आल्या. "भावजी, सगळा माल एका दमात गेला बघा!"

माल गेला खरा, पैसे काही येईनात. दोघींनी खेटे घातले, तेव्हा चार महिन्यांत ६,००० रुपये हातात पडले. लग्नसराई संपल्यावर ४० परकर परत आले. "रंग उतरतो, मापही सारखे नाही," असे उत्तर मिळाले. उरलेल्या ८० नगांचे ११,२०० रुपये होत होते. त्यातले ५,२०० अजून बाकी होते.

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. वहिनींचा हिशेब साधा होता. कापडाला १०८ रुपये, नाडी-दोऱ्याला ७, म्हणजे ११५. विकला १४० ला. नगामागे २५ रुपये नफा!

आम्ही विचारले, "वहिनी, तुमची शिलाई कुठे धरली?"

"आता माझ्याच हातानं शिवलं, त्याचं काय धरायचं?"

भगिनींनो, सगळा तोटा याच एका वाक्यात आहे. हाच परकर दुसऱ्या बाईकडून शिवून घेतला असता तर तिला ३० रुपये मोजावे लागले असते. वीज, सुया, तेल आणि मशीनची झीज मिळून ५ रुपये. पिशवी, लेबल आणि एस.टी.चे भाडे वाटून ८ रुपये. सगळे मिळवले की परकर पडतो १५८ रुपयांना. म्हणजे १४० ला देऊन नगामागे १८ रुपये पदरचे गेले. दुकानदाराने तोच परकर २२० ला विकला. पैसे त्याने वेळेवर दिले असते तरी आपण तोट्यातच होतो. बुडीत उधारी पुढची गोष्ट, पहिला घाटा आपणच आपल्या कष्टाला शून्य लिहिले तिथे झाला.

काम आपण करायचे आणि मोल दुसऱ्याने ठरवायचे, ही रीत आपल्या लोकांना नवी नाही. आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे १९४१ साली महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब स्वतः आले होते. वतनाच्या नावाखाली गावाची पडेल ती कामे करायची आणि मिळेल ते घ्यायचे, याविरुद्ध त्यांनी आयुष्यभर लढा दिला. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. मग आपल्याच घरातल्या बाईने रात्री जागून केलेले काम फुकट धरायचे, हे कसे चालेल?

आता चौघींनी काय करावे ते क्रमाने सांगतो.

पहिले, एकच वस्तू धरा. परकर म्हणजे परकर. चार तऱ्हेचे कपडे काढले की कापड अडकते. आणि काय खपते ते बघा. वहिनींच्या मालातले पांढरे परकर सगळे खपले होते, परत आले ते रंगीत. भीमजयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या बायाबापड्या पांढरी साडी नेसतात. ही मागणी दरसाल ठरलेली आहे आणि तिची तारीख तुम्हाला दुकानदारापेक्षा आधी माहीत आहे.

दुसरे, माप. पुठ्ठ्याचे फर्मे करा आणि चौघींनी त्यावरूनच कापा. सुती कापड कापण्याआधी एक तुकडा धुऊन बघा. आटते किती, रंग सोडते का, ते घरीच कळू द्या. गिऱ्हाइकाच्या घरी कळले तर माल परत येतो. आपले नाव, माप आणि किंमत यांचे छोटे लेबल लावा. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक नावाने माल मागते, तेव्हाच तुमचा धंदा उभा राहिला असे समजा.

तिसरे, दर. १५८ ला पडणारा नग किमान १७४-१७५ ला द्या. २२० ला विकला तरी दुकानदाराला ४५ रुपये सुटतात. तो घासाघीस करील. डझनामागे थोडे कमी करा, पण पडत्या भावाच्या खाली उतरू नका. नाहीच जमले तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. म्हणूनच सगळा माल एका दुकानात टाकू नये. दोन दुकानांना दोन-दोन डझन द्या, पैसे आले की पुढचा माल द्या.

चौथे, कागद. माल देण्याआधी 'उद्यम' नोंदणी करून घ्या. आधार आणि पॅन लागते, सरकारी शुल्क काहीच नाही. ज्या कायद्याचा आधार मिळतो तो २००६ चा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मालाबद्दल तक्रार असेल तर ती खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी करायची असते. चार महिन्यांनी ४० नग परत घेऊन येण्याची वेळ वहिनींवर यायचीच नव्हती! दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे, त्याची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते.

परिषदेपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक, पैसे द्यायची तारीख आणि खाली दुकानदाराची पोच-सही असली की बोलण्याचा सूर बदलतो, हे आम्ही पाहिले आहे. जी.एस.टी.चे भय मात्र धरू नका. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही.

आणखी एक गिऱ्हाईक तुमच्या गावातच आहे. २०२४-२५ साली सरकारने सगळ्या राज्याला एकच गणवेश ठरवला. कापलेले कापड वरून आले आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडे दिली. एका गणवेशाला ११० रुपये. हा दर परवडत नाही म्हणून ठिकठिकाणचे गट कुरकुरले. गणवेश उशिरा पोचले, मापे चुकली. शिवणाऱ्या बाईला ना दर विचारला होता, ना माप. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे तिथे तुम्हीच बसलेल्या असता! नमुना शिवून, पडता भाव काढून, शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी समितीपुढे जा. सोलापूर तर गणवेशाच्या धंद्याचे मोठे ठिकाण आहे. तिथले कारखानदार २०१७ पासून गणवेशाचे प्रदर्शन भरवत आले आहेत. कापड कुठले, शिवण कशी, हे पाहायला एकदा जरूर जा.

आता कर्ज. शिंपीकाम करणाऱ्यांसाठी २०२३ पासून 'पीएम विश्वकर्मा' योजना आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना बौद्धांनाही लागू आहेत. जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, मधला दलाल धरू नका. पण कर्ज हे शेवटी लिहिले आहे ते मुद्दाम. घरच्या पैशाने पाच डझन शिवा, विका आणि पैसे वसूल करा. हिशेब जमला की मगच कर्ज काढा. तोट्याच्या धंद्यात कर्ज घातले तर तोटाच मोठा होतो.

वहिनींचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. बाकीच्या ५,२०० पैकी ३,००० आले, उरलेल्यावर त्यांनी पाणी सोडले. मशीन मात्र झाकून ठेवले नाही. पुढच्या भीमजयंतीआधी फक्त पाच डझन पांढरे परकर शिवले, १७५ रुपयांनी, दोन दुकानांत, बिलावर सही घेऊन. एका दुकानदाराने नाक मुरडले. "बाई, मागच्या साली तर १४० ला दिले होते की!"

वहिनी म्हणाल्या, "मागच्या साली माझी मजुरी धरायची राहिली होती."

त्याने माल घेतला. पैसे सतराव्या दिवशी आले. वहीत आता शिलाईचा वेगळा रकाना आहे आणि त्याखाली दोघींची नावे आहेत.

कळंबच्या भगिनींनो, ताका आणण्याआधी तो रकाना आखून घ्या. आणि पहिला माल गेला की आम्हाला कळवा.

जयभीम!