आडाचे पाणी गोड, म्हणून चांगले?

शेतकरी बंधूंनो, सार्वजनिक विहिरीत टीसीएल पडले नाही की आपण ग्रामपंचायतीला जाब विचारतो. पण आपल्याच परसातल्या आडाचे पाणी शेवटचे कधी तपासले? 'आजोबापासून पितोय, काय झालं?' हे उत्तर आता चालायचे नाही. आजोबांच्या वेळी आडाशेजारी संडासाचा शोषखड्डा नव्हता, की शेतात युरियाची पोती रिती होत नव्हती.

युरियातून अन् उकिरड्यातून तयार होणारे नायट्रेट पावसाबरोबर झिरपत विहिरीत उतरते. त्याला ना रंग, ना वास, ना चव. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. ते जास्त झाले आणि त्या पाण्यात पावडरचे दूध कालवून पाजले, तर तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. बाळ निळे पडते. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी उकळून आटवले तर ते उलट दाटते.

सरपंच मंडळींनीही 'आड खाजगी आहे' म्हणून हात झटकू नयेत. पिण्याचा प्रत्येक आड जलसुरक्षकाच्या यादीत घ्यावा, पावसाळ्याआधी व नंतर नमुना प्रयोगशाळेत धाडावा. आणि उकिरडा आडापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला हलवायला तर कुणाची मंजुरी लागत नाही!